शहर वाढतं बेळगावात, ओझं पोचतं गुंजीपर्यंत

गुंजी (ता. खानापूर) : वाढत्या शहरांचा विषय निघाला की मुंबईची लोकल डोळ्यांसमोर येते, पुण्यात हिंजवडीला अडकलेल्या गाड्या येतात. बेळगावकराला खडेबाजार किंवा आरपीडी क्रॉसवरची गर्दी आठवते. गुंजीचं नाव कुणी घेत नाही, आणि वरवर पाहिलं तर घ्यायचं कारणही नाही. माउली देवीचं हे गाव. समोर भाताचं शिवार, मागे जंगल, मधून बेळगाव-गोवा महामार्ग आणि बाजूने लोंढ्याकडे जाणारी रेल्वे. इथे गर्दी नाही. इथली तक्रार नेमकी उलटी आहे, गावात माणसंच राहिली नाहीत अशी.

तरीही शहरं फुगण्याचा भार समजून घ्यायचा असेल तर गुंजीसारखं गाव बघायला हवं. शहराला वाढायला माणसं लागतात, पाणी लागतं, माती, वाळू, विटा लागतात, जागा लागते, रस्ता लागतो. यातलं काहीच शहरात तयार होत नाही. ते कुठून तरी उचलून आणावं लागतं. खानापूर तालुका हे त्या 'कुठून तरी'चं नाव आहे.

आधी आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ४ लाख ९० हजारांच्या घरात गेली. शहराला चिकटलेली गावं धरली तर याच दहा वर्षांत पाच लाखांचे सहा लाख दहा हजार झाले. म्हणजे दहा वर्षांत लाखभर माणसं वाढली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. या काळात शहराच्या अंगावर चढलेले दागिने मात्र सगळ्यांना दिसतात. व्हीटीयू १९९८ मध्येच आलं होतं. मग २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं आणि २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव लागलं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप तर त्याहून जुन्या. काम तिथे, कॉलेज तिथे, हॉस्पिटल तिथे. मग माणूस तिकडेच जाणार.

देशभर हेच चाललंय. २०११ मध्ये भारतातले ३१ टक्के लोक शहरात राहत होते. कर्नाटकात हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर, महाराष्ट्रात ४५ आणि गोव्यात तब्बल ६२ टक्के होतं. सीमाभागातला माणूस या तिन्ही राज्यांच्या मधोमध बसलाय, त्यामुळे त्याला एक नाही, तीन दिशांनी ओढ आहे. खानापूर तालुक्यातला तरुण कामासाठी बेळगावला जातो, गोव्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत जातो, नाहीतर थेट पुणे-मुंबई गाठतो.

नळ बेळगावात, उगम इकडे

पाण्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण हिशेब तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

बेळगावला पाणी पुरवणारे दोन मोठे साठे आहेत. जुना राकसकोप, मार्कंडेय नदीवरचा. ही मार्कंडेय खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरात उगम पावते. शहर वाढलं, राकसकोप पुरेना, तेव्हा घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी आणावं लागलं. हिडकल शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे ते पाणी पंपाने वर चढवावं लागतं. वीज गेली की बेळगावात 'आज पाणी नाही' का होतं, त्याचं निम्मं उत्तर या चढात आहे. आणि हिडकलमध्ये येणारं पाणी तरी कुठलं? घटप्रभा आणि ताम्रपर्णी, म्हणजे चंदगडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. राज्याची सीमा कुठेही आखा, बेळगावच्या हंड्यात चंदगडचं पाणी येतंच.

सरकारी मापदंडाप्रमाणे ड्रेनेज असलेल्या शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. खेड्यात जनावरंही पाणी पितात, पण ती या ५५ लिटरमध्ये धरलेली नाहीत. सहा लाख दहा हजार लोकांना १३५ लिटरने गुणलं तर रोज सव्वाआठ कोटी लिटर पाणी लागतं, तेही २०११ च्या लोकसंख्येला. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरण्याची पद्धत आहे. म्हणजे साडेसहा कोटी लिटर घाण पाणी, रोजच्या रोज.

ते जातं कुठे, हे शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्याला विचारावं. बळ्ळारी नाला त्याच्याच शिवारातून वाहतो. पूर्वी हा नाला पावसाचं पाणी वाहून नेत होता, आता बारमाही सांडपाणी नेतो. पावसाळ्यात तुंबला की आजूबाजूची भातं दिवसेंदिवस पाण्याखाली राहतात. पेरणी वाया, दुबार पेरणी, पुन्हा पाणी, हे चक्र तिथल्या माणसाला पाठ झालंय. बेळगाव बासमतीचा वास ज्या जमिनीने जगाला दिला तीच ही जमीन. त्याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास गेला. जेमतेम दहा किलोमीटरच्या रस्त्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात लढले, २०२१ मध्ये उभ्या पिकात मशीन घातलं तेव्हा बायाबापड्या आडव्या आल्या. कचऱ्याची गोष्ट वेगळी नाही. शहराचा कचरा तुरमुरीला जातो, आणि वास तुरमुरीच्या वाट्याला.

गुंजीचा याच्याशी संबंध काय? संबंध असा की हेच चित्र मोठं करून पाहिलं तर खानापूर तालुका त्यात सापडतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापुरातून पुढे सौंदत्तीजवळच्या नवीलुतीर्थ धरणात जाते, आणि तिथून हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी मिळतं. जुळ्या शहरांची लोकसंख्या २०११ मध्येच ९ लाख ४३ हजारांवर होती. मलप्रभा पुरेना म्हणून म्हादईचं पाणी तिच्यात वळवायचं, हा कळसा-भांडुरा योजनेचा गाभा. कळसा कणकुंबीजवळ, भांडुरा नेरशाजवळ. दोन्ही ठिकाणं खानापूर तालुक्यातली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी म्हादई जलतंटा लवादाने निकाल दिला, त्यात या दोन नाल्यांवरून मिळून ३.९ टीएमसी पाणी वळवायला कर्नाटकाला मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखड्याला हिरवा कंदील दाखवला. वन आणि वन्यजीव खात्याच्या परवानग्यांवर घोडं अडलं, गोव्याने विरोध लावून धरला.

टीएमसी म्हणजे किती, हे पेपरात कुणी सांगत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. हुबळी-धारवाडच्या २०११ च्या सगळ्या लोकसंख्येला १३५ लिटरने वर्षभर पाणी द्यायचं तर १.६ टीएमसीच्या आसपास लागतं. म्हणजे ३.९ हा आकडा त्यामानाने लहान नाही, आणि त्यावर डोळा असलेली गावं-शहरं आणखी बरीच आहेत. या वादात दोन राज्यांची बाजू रोज छापून येते. धारवाडला तहान आहे हे खरं, गोव्याला नदी आटण्याची भीती आहे हेही खरं. ज्या तालुक्यात खोदाई होणार, ज्याचं जंगल पाइपलाइनसाठी कापलं जाणार, त्याचं म्हणणं मात्र तिसऱ्या पानावरसुद्धा येत नाही.

माती गेली, मग शिवारही

बेळगावात घर बांधणाऱ्याला 'विटा कुठल्या?' असं विचारलं तर खानापूरचं नाव हमखास येतं. इथली चिकणमाती चांगली. कौलं, मडकी आणि विटांसाठी हा तालुका पूर्वीपासून ओळखला जातो, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा खानापुरातच आहे. धंदा जुना आहे आणि त्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात, त्यामुळे भट्टीवाल्याला सरसकट गुन्हेगार ठरवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. अडचण प्रमाणाची आहे. गावापुरती कौलं भाजायची तेव्हा तळ्याकाठची माती पुरायची. शहर आणि गोवा मिळून मागायला लागले तेव्हा भाताच्या खाचराची वरची माती उचलली जाऊ लागली. वरची वीतभर माती म्हणजे शेताचं दूध-तूप. ती गेली की खाली राहते ती कडक, निकस जमीन, आणि शेजारच्या शेतापेक्षा खोल गेलेला खड्डा. वाळूचंही तेच. नदीच्या काठची वाळू उपसली की काठ ढासळतो आणि पुढच्या पुरात शेताचा लचका जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलप्रभेने आणि मार्कंडेयने काय केलं ते लोक विसरलेले नाहीत.

माती विकली तरी जमीन मालकाची राहते. आता जमीनच विकली जातेय, आणि इथे कायदा मध्ये येतो. तो तीन राज्यांच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा असा आहे.

कर्नाटकात पूर्वी शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती. शेतीबाहेरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेवर असेल तरीही नाही. २०२० मध्ये भू-सुधारणा कायदा बदलला, ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली. आता कुणीही शेत घेऊ शकतो. महाराष्ट्रात कूळकायद्याचं ६३ वं कलम अजून उभं आहे, तिथे शेती घ्यायला शेतकरी असावं लागतं. गोव्याने तर २०२३ मध्ये उलट पाऊल टाकलं, भातशेती वाचवायची म्हणून शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला गोव्याने दार ओढून घेतलं, उत्तरेला महाराष्ट्राचं दार अर्धवट लोटलेलं, आणि मध्ये खानापूर तालुक्याचं दार सताड उघडं. त्यात चांगला रस्ता, पाऊस, हिरवळ आणि गोवा दोन-तीन तासांवर. पैसा कुठे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

विकणाऱ्यालाही दोष देऊन उपयोग नाही. भावाभावांत वाटण्या होऊन दोन एकरांचे तुकडे झाले, पोरगा गोव्यात, रोप लावायला मजूर मिळत नाही, भाताचा दर खर्चाला पुरत नाही. अशा वेळी कुणी गुंठ्याच्या हिशेबाने पैसे मोजत असेल तर तो किती दिवस 'नाही' म्हणेल?

पण भाताचं शिवार एकटं नसतं, हे प्लॉट पाडणाऱ्याला माहीत नसतं. वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून खालच्यात येतं, तिथून त्याच्या खालच्यात. डोंगराच्या पायथ्यापासून नाल्यापर्यंत ही एक साखळी असते, आणि कोणाचं पाणी कुठून जायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मधल्याच एका खाचरात मुरूम टाकून कंपाउंड घातलं की वरच्याचं भात कुजतं आणि खालच्याचं वाळतं. दोघांनी काहीच विकलेलं नसतं. पाणंद बंद होते, बैलगाडी सोडा, पॉवर टिलरही जात नाही. मग तोही विकायला निघतो. एका प्लॉटने दहा शेतं कशी पडतात, ते असं. उताऱ्यावर विक्री एकाच सर्व्हे नंबराची दिसते, नुकसान मात्र अख्ख्या शिवाराचं होतं. त्याची नोंद ठेवणारा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

रस्ता, हत्ती आणि रिकामी घरं

बेळगाव-गोवा महामार्ग गुंजीच्या दारातून जातो. गोव्याची भाजी, दूध, सिमेंट, लोखंड या वाटेने जातं. रुंदीकरण सुरू झालं तेव्हा दोन्ही बाजूंची हजारो झाडं तोडली. बेळगाव-खानापूर टप्पा चौपदरी झाला, गणेबैलला टोलनाका बसला. खानापूरच्या पुढे मात्र काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि गुंजी-लोंढा पट्ट्यातल्या लोकांनी खड्डे आणि धूळ दोन्ही खाल्ली. तिकडे रेल्वेचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झालं. वेग वाढला, सोय झाली, हे नाकारता येत नाही. पण रस्ता आणि रूळ दोन्ही जंगल चिरून जातात. पूर्वी रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना भिडायच्या, माकडं वरच्या वर पलीकडे जायची. आता मध्ये उन्हाचा पट्टा आहे.

दांडेलीच्या बाजूने हत्ती नागरगाळी, लोंढा, गुंजी परिसरात उतरतात ते साधारण भात पोटरीला आल्यापासून मळणीपर्यंत. गवे तर बारमाही. एका रात्रीत चार महिन्यांचं पीक तुडवलं जातं, मग वनखात्याचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज. हत्ती वाढले की जंगल कमी झालं, यावर चावडीवर वाद होतो, आणि त्यात एक साधी गोष्ट सुटून जाते. राखणीला माणूस लागतो. माळ्यावर रात्रभर बसून डबे वाजवायला, फटाके लावायला, शेकोटी पेटती ठेवायला घरात दोन-तीन धडधाकट गडी लागतात. ते आज वेर्ण्यातल्या नाहीतर चाकणच्या कंपनीत नाइट शिफ्ट करतायत. राखण थांबली की जंगलाकडचं शेत पहिल्यांदा पडीक पडतं. पडीक शेतात रान माजतं, जंगल पन्नास पावलं पुढे येतं, आणि पुढच्या वर्षी हत्ती पुढच्या शेतात. शहराची गर्दी आणि गुंजीतला हत्ती यांचं नातं इतकं सरळ आहे.

भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत हे टोकाला गेलं. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, रस्ते-वीज अडली, तळेवाडीसारख्या गावातल्या कुटुंबांनी सरकारी मोबदला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. हीच माणसं उद्या खानापूर, बेळगावच्या कुठल्यातरी लेआउटमध्ये भाड्याने राहतील आणि शहराच्या लोकसंख्येत जमा होतील.

मागे राहतात ती म्हातारी माणसं, बाया आणि शाळकरी पोरं. बायांच्या अंगावर शेत, जनावरं आणि सासू-सासऱ्यांचं दवाखान्याचं येणं-जाणं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत त्यांना बसप्रवास मोफत झाला. हे खरंच मोठं काम, तालुक्याला जायला हात पसरावा लागत नाही. पण गर्दी वाढली तेवढ्या बस वाढल्या नाहीत, आणि कॉलेजची मुलं दारात लोंबकळतात. शाळेचा हिशेब आणखी वाईट. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. मुलं बापाबरोबर शहरात गेली, पट घटला, शिक्षक कमी झाला. शिक्षक कमी झाला म्हणून उरलेल्यांनी पोरांना खानापूरच्या इंग्लिश मीडियमला घातलं. मराठी शाळा ओस पडण्यामागे भाषेचं राजकारण आहेच. पण त्याच्याइतकंच हे स्थलांतरही आहे, आणि त्यावर मोर्चा निघत नाही.

कोण कुठे मोजला जाणार

हा सगळा भार मोजायचं एकच मोठं साधन, ते म्हणजे जनगणना. २०२१ ची पुढे ढकलली गेली. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणाऱ्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. आधी घरयादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी.

गुंजीसारख्या गावाच्या दृष्टीने यातला एक नियम महत्त्वाचा आहे. मोजणीच्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसतो, तो गावात धरला जात नाही. तो ज्या शहरात असेल तिथे मोजला जातो. रेशनकार्डावर नाव आहे, मतदार यादीत आहे, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता येतो, तरी जनगणनेत तो पुण्याचा नाहीतर फोंड्याचा. घरच्यांनी मायेपोटी 'आमचाच आहे, लिहा' म्हटलं तरी नियमाने ते बसत नाही, आणि तिकडेही नाव लागलं तर तो दोनदा मोजला जातो.

याचा परिणाम पैशावर आणि प्रतिनिधित्वावर होतो. कर्नाटकात ग्रामपंचायतीचा एक सदस्य साधारण ४०० लोकसंख्येमागे ठरतो. पंचायतीला मिळणाऱ्या निधीत लोकसंख्येला मोठं वजन असतं. गावाची संख्या घटली की निधी घटतो, पण रस्त्याची लांबी, गटार, नळाची पाइप तेवढीच राहते. तिकडे शहर वाढीव आकडा दाखवून वाढीव पाणी मागतं, तेही याच तालुक्याच्या नद्यांतून.

मराठी भाषकांसाठी दुसरी एक गोष्ट. एखाद्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तर महत्त्वाची सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यावीत, अशी केंद्राची जुनी तरतूद आहे. हे प्रमाण काढलं जातं जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यावरून. बेळगाव शहर जसजसं बाहेरून भरतंय आणि खानापूर तालुका जसजसा रिकामा होतोय, तसतशी दोन्हीकडची टक्केवारी हलणार. मातृभाषा कोणती लिहायची हे मोजणारा ठरवत नाही, सांगणारा ठरवतो. घरातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद होते, लहान मुलांचीही. त्यामुळे मोजणीदार दारात येईल तेव्हा घरात कोण आहे आणि काय सांगतंय, हे बघायला हवं. गुंजीत त्या वेळी बहुतेक घरात आजी असेल.